दिवेलागणीची झोप

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता, हे मला सदुसष्टाव्या वर्षी पटलं. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं मी उलटंच धरून चालले होते, आणि नुसती मनात धरून नाही. गावाच्या वेशीवर आमचा राखणदार आहे, गाव सांभाळणारा देव. त्याच्यासमोर मी तसं गाऱ्हाणं घालायला लावलं होतं. राखणदाराला सांगितलेली गोष्ट गावाला सांगावी लागत नाही, गाव तिथेच उभं असतं. हे लिहिताना लाज वाटते. पण मी गेल्यावर लोक माझ्या शिस्तीचे गोडवे गातील, याची त्याहून जास्त लाज वाटते.

मी मराठी शाळेत प्राथमिक शिक्षिका. माहेर मांद्र्याचं, सासर डिचोली तालुक्यात, नार्व्याला जाताना लागणाऱ्या एका गावात. घराच्या मागे शेत, शेतापलीकडे नदी, आणि नदीतून लोखंडाची माती घेऊन जाणाऱ्या बार्जी. नवरा एका खाणीच्या धक्क्यावर कामाला होता. ट्रकांनी ओतलेली माती पट्ट्यावरून बार्जीत पडते, त्या पट्ट्यावर त्यांची नेमणूक होती. रात्रपाळी, आणि तीही कायमची. दिवसपाळी मागा म्हणून मी कितीदा म्हटलं असेल. ते म्हणायचे, रात्री पट्टा सांभाळायला भरवशाचा माणूस लागतो. या वाक्याचा त्यांना अभिमान होता. पुढे मी त्याच भरवशावर चिखल उडवला.

सकाळी आठला कंपनीचा ट्रक त्यांना तिठ्यावर सोडायचा. आंघोळ करून, पेज पिऊन ते नऊला आडवे व्हायचे. पण सकाळची झोप म्हणजे नुसतं नाव. घरासमोरून मातीचे ट्रक धडधडत जायचे, म्हशीला कोणीतरी ओरडायचं, पोदेर पाव घेऊन उशिरा यायचा आणि सायकलचा भोंपू नेमका आमच्या खिडकीखाली वाजवायचा. साडेअकराला ते उठून बसलेले असायचे, डोळे चुरचुरत. मग कुळागरातल्या माडा-पोफळींना पाणी सोडणं, नारळ सोलणं, जेवण. दुपारी सगळं गाव झोपतं तेव्हा ते म्हशीला नदीवर नेत. संध्याकाळी पाचला चहा घेऊन पुन्हा अंग टाकायचे, नऊचा ट्रक येईपर्यंत. त्यांची खरी झोप ती एवढीच होती. आणि सव्वासहाला दिवेलागण.

आमच्याकडे तुळशीपुढे दिवा लागतो तेव्हा घरात कोणी आडवं राहायचं नाही. तान्हं मूल आणि आजारी माणूस सोडून सगळे उठून बसतात. रीत जुनी आहे, पण सासूबाई ती सैलपणे पाळायच्या. मुलगा झोपलेला बघून म्हणायच्या, "न्हिदूं दी गो ताका. दिवो मागीर लायल्यार कितें जाता?" झोपू दे त्याला, दिवा जरा उशिरा लागला म्हणून काय बिघडतं? सासूने मोडायची रीत सुनेने धरून ठेवली, असा आमच्या घरचा उलटा कारभार.

त्याला कारण होतं. मांद्र्याला आमच्या वडिलांना फेणीचं व्यसन होतं. दिवेलागणीला ते सोप्यावर पसरलेले असायचे, आणि आई हातातली समई सांभाळत त्यांच्या पायांना वळसा घालून तुळशीपाशी जायची. मी मागे वातींचं तबक घेऊन. कधी ते अचानक उठायचे, भलतंच बोलायचे, खांबाला धडकायचे आणि खांबालाच शिव्या द्यायचे. आम्ही भावंडं हसायचो, मग आईचं तोंड बघून गप्प व्हायचो. लग्न होऊन निघाले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की माझ्या घरात दिव्याच्या वेळी पुरुष लोळत पडलेला दिसणार नाही. आणि दारू मला लांबूनही ओळखता येते, असं मी समजत होते. अशा घरात वाढलेल्या माणसाला वाटतंच तसं.

तर मी त्यांना उठवायचे. हाक मारून नाही, कारण नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि "अहो"ने ते उठत नसत. पायाचा अंगठा धरून ओढायचे, खांदा गदागदा हलवायचे, नाहीच उठले तर उशाशी तांब्या आपटायचे. त्यावर ते उठून बसायचे खरे. डोळे उघडे, लाल. पण बघणं माझ्यातून आरपार. जीभ जड. "पट्टो बंद कर, पट्टो बंद कर," असं काहीतरी पुटपुटायचे. दाराकडे जाताना चौकटीवर आपटायचे. एकदा तर तुळशीपाशी न जाता न्हाणीघरात जाऊन उभे राहिले आणि पाणी तापवायच्या चुलीला म्हणाले, "तिकीट दी." दहा-पंधरा मिनिटांनी, चूळ भरून आले की विचारायचे, "दिवो लायलो?" जसं काही घडलंच नाही.

मला यात वडील दिसले. तेच डोळे, तीच जीभ, तोच खांब. फक्त वास नव्हता. पण दाढ दुखते म्हणून ते लवंग चघळायचे, आणि मी ठरवून टाकलं की वास लपवायलाच लवंग आहे. धक्क्यावर कोणीतरी पाजत असणार, सकाळी येताना घेत असतील, दुपारी म्हशीच्या निमित्ताने नदीवर जातात ते उगाच का? एकदा संशय धरला की म्हैससुद्धा त्यात सामील असते.

मी विचारलंही होतं. ते म्हणाले, "हांव पियेना गो." मी पीत नाही गं.

"मग जिभेला पीळ का पडतो? माझ्यातून आरपार का बघता?"

"केन्ना?" त्यांनी विचारलं. कधी? खरंच विचारलं. मला तो बेरकीपणा वाटला.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. मराठी की कोंकणी, यावरून गावागावांत दोन तट पडलेले, भिंती रंगलेल्या, रस्ते अडलेले. मी मराठीवाली, आणि जोरात. सभेत अर्धा अर्धा तास मराठीसाठी बोलायचे आणि घरी येऊन सासूबाईंशी कोंकणीत भांडायचे. त्या थंडीत एकदा आमच्या सोप्यावर शिक्षकांची बैठक ठरली. सात-आठ जण आले होते, त्यात आमचे मुख्याध्यापक. निवेदनाचा मसुदा मी लिहिलेला. वाचून होईतो सव्वासहा झाले.

आतल्या खोलीत नवरा घोरत होता. पाहुण्यांसमोर, दिव्याच्या वेळी, घोरणं. मी आत गेले आणि नेहमीपेक्षा जोरात हलवलं. ते ताडकन उठले, ते थेट बाहेर सोप्यावर. बनियनवर, लुंगी अर्धी सुटलेली. त्यांनी मुख्याध्यापकांचा दंड धरला आणि ओरडले, "बार्ज लागली! चल, पट्टो चालू कर!" मुख्याध्यापक उठायला लागले, त्यांना वाटलं घरात काही झालं. नवऱ्याने त्यांना दोन पावलं ओढलं, मग सोडून दिलं, पायरीवरच्या चपलांच्या ढिगात बसले आणि भिंतीला टेकून तिथेच डोळे मिटले.

कोणी हसलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. सगळ्यांनी मसुद्यात डोकी घातली. जाताना मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "बाई, सांभाळा." ते चांगल्या मनाने म्हणाले होते. मला मात्र वाटलं की मांद्र्याचं घर उचलून कोणीतरी इथे आणून ठेवलं आहे आणि मी पुन्हा तबक घेऊन आईच्या मागे उभी आहे. संताप आला. त्या संतापात मी तो निर्णय घेतला.

सासूबाईंना म्हटलं, राखणदाराला गाऱ्हाणं घालू या. यांची दारू सुटू दे म्हणून.

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ताच्या तोंडाक वास येना गो."

"लवंग चघळतात ते."

"तूं शिकिल्ली," त्या म्हणाल्या. "तुका चड कळटा." तू शिकलेली, तुला जास्त कळतं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटायचं, आणि मीही कधी ते खोडून काढलं नाही.

राखणदाराला जाड भाकरीचा रोट लागतो, विडी लागते आणि एक बाटली सोरो, म्हणजे दारू. दारू सुटावी म्हणून देवाला दारू, पण रीत आहे. आता बाटली आणायची कोणी? बायकांनी तावेर्नात, त्या दारूच्या गुत्त्यात, जायचं नाही. रविवारी सकाळी नवरा नारळ घेऊन बाजाराकडे निघाला होता. मी त्यांनाच सांगितलं, येताना राखणदारासाठी एक बाटली आणा. त्यांनी विचारलं, कसलं गाऱ्हाणं? मी म्हटलं, घरासाठी. ते गेले आणि घेऊन आले. ज्या माणसाने तावेर्नाची पायरी चढली नव्हती, त्याला मी भर बाजारात, बाजाराच्या दिवशी, तिथे पाठवलं. कागदात न गुंडाळता, हातात धरून ते बाटली घेऊन घरी आले. लपवायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यावरूनही मला कळायला हवं होतं.

वेशीवरच्या वडाखाली आम्ही उभे राहिलो. आमच्यासोबत शेजारची चार घरं. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याने बाटलीचं झाकण काढून धार सोडली आणि सुरुवात केली. घरादाराचं, गुराढोरांचं, पिकाचं मागून झालं. प्रत्येक मागण्याला सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा." नवराही हात जोडून, मान खाली घालून म्हणत होता. मग म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाला, "ह्या लेकराक सोऱ्याची वाट दिसल्या. ती वाट तूं धांप, ताच्या बायलेचे दोळे पूस." या लेकराला दारूची वाट दिसली आहे, ती तू बुजव, त्याच्या बायकोचे डोळे पूस.

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यांनी मान वर केली. आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग आईकडे. सासूबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मग माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले, भक्तीने मिटल्यासारखे. म्हाताऱ्याला वाटलं त्यांनी ऐकलं नाही, म्हणून तो थांबला. सगळे थांबले. आणि एकट्याचा, घसा साफ केल्यासारखा त्यांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणं लागू पडलं. त्या दिवसापासून दिवेलागणीला त्यांची जीभ जड झाली नाही, ते चौकटीवर आपटले नाहीत. कसे आपटतील? त्यांनी संध्याकाळी झोपणंच बंद केलं. चहा घेऊन ते पायरीवर बसून राहायचे, मान लवंडली की दचकून वर करायचे, उठून तोंडावर पाणी मारायचे. दिव्याच्या वेळी सगळ्यात आधी तुळशीपाशी हजर. मी सासूबाईंना म्हणायचे, बघितलंत? धक्क्यावर जाताना ते घरून थर्मासमध्ये चहा न्यायला लागले. तिकडचा चहा सोडला. वाईट संगत सुटली म्हणून मी आनंदाने थर्मास भरून द्यायचे, वर दोन चकल्या.

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा गोवा घटकराज्य झालेलं होतं, कोंकणी राजभाषा. मी त्यावर वर्षभर चिडून होते. त्याच वर्षी जत्रेला आमच्या घराचा पालखीचा पुढचा खांदा दुसऱ्याला दिला. "यंदा रावूं दी," असं कोणीतरी घरी येऊन सांगून गेलं, यंदा राहू दे. ह्यांच्या वडिलांपासून चालत आलेला तो मान. ते बरं म्हणाले आणि गोठ्यात गेले. पुढच्या वर्षीही कोणी बोलवायला आलं नाही. मी म्हटलं, नसती दगदग वाचली.

दर वर्षी उपकार फेडायला राखणदाराला रोट आणि बाटली जायची. सासूबाईंनी शेवटपर्यंत चुकवली नाही. बाटली नवराच आणायचा. सासूबाई गेल्या त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी मुलाचा हात धरून सांगितलं होतं, देवाने तुला राखलं, आता पुन्हा त्या वाटेला जाऊ नकोस. ते म्हणाले, नाही जाणार.

असे वीस वर्षांच्या वर ते रात्रपाळी करत राहिले, सकाळच्या अडीच तासांच्या मोडक्या झोपेवर. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून पेंगले म्हणून मी त्यांना सगळ्यांदेखत कोपराने ढोसलं होतं. माझ्या भावाच्या घरच्या सत्यनारायणाला कथा चालू असताना भिंतीशी झोपले, तेव्हा मी म्हटलं होतं, ह्यांना कसलंच गांभीर्य नाही. अशी वाक्यं मला आता एकेक करून आठवतात.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझीच झोप उडाली. म्हापशाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. गोळी द्या म्हटलं तर त्यांनी आधी शिकवणीच घेतली. कागद उलटा करून पायऱ्यांसारखी रेघ काढली. म्हणाल्या, बाई, झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी एकदम नसते, विहिरीत उतरल्यासारखी असते. पहिल्या पायरीवर माणसाला बाहेरचं ऐकू येतं, हाक मारली तर झोपलोच नव्हतो म्हणतो. दुसऱ्यावर श्वास संथ होतो. मग तळ. शरीराची डागडुजी तिथे होते. तिथून वर येऊन स्वप्नं पडतात, पापण्यांखाली डोळे फिरत असतात. अशी एक फेरी साधारण दीड तासाची, आणि रात्रभरात चार-पाच फेऱ्या. दिवस-रात्रीची घडी मोडली असेल, झोपेची थकबाकी असेल, तर माणूस पहिल्या फेरीतच झरकन तळाला जातो आणि बराच वेळ तिथेच राहतो. म्हणून वेळ ठरलेली ठेवा, खोली अंधारी ठेवा, झोप तुकड्यांत घेऊ नका.

मी वहीत उतरवून घेत होते, सवयीने.

"आणि तळाला असलेल्याला कोणी ओढून काढलं तर?" मी विचारलं. मला माझ्या नातवंडांच्या आरडाओरड्याबद्दल विचारायचं होतं.

त्या हसल्या. "तो उठतो पण जागा होत नाही. डोळे उघडे, बडबड भलतीच, दाराला धडकेल, समोरच्याला ओढेल. दहा-पंधरा मिनिटांनी विचारलं तर त्याला काहीच आठवत नाही. रात्रपाळीवाल्यांच्या घरी हमखास. घरच्यांना वाटतं प्यायलाय."

माझं पेन थांबलं. त्या पुढे सांगत होत्या, की उठवायचंच झालं तर हलवू नये, खिडकी उघडावी, उजेड येऊ द्यावा, हळू आवाजात नावाने हाक मारावी. मी काही लिहिलं नाही. गोळीची चिठ्ठी टेबलावरच विसरून आले.

डिचोलीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी एकेक संध्याकाळ तपासली. पाचला चहा. सव्वासहाला मी. रोज, नेमकी तळाशी. मी विद्यार्थ्यांना चूक दाखवायचे तेव्हा लाल शाईने गोल करायचे. इथे गोल करायला सुरुवात केली तर पान उरत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा ते झोपले होते. आता म्हातारपणी संध्याकाळी त्यांचा डोळा लागतो, आणि मी अजूनही दिव्याच्या वेळी खांदा हलवते. त्या दिवशी हलवलं नाही. खिडकी उघडली आणि खुर्ची ओढून बसले. तुळशीपुढे अंधार झाला, शेजारणीने कुंपणापलीकडून विचारलं, दिवा नाही लावला? मी म्हटलं, लावते. बराच वेळ त्यांच्या पापण्या हलत होत्या. मग कूस बदलली, तेव्हा मी हळूच त्यांचं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "कोण आयलां?"

"कोणी नाही. मीच."

मी त्यांना सगळं सांगितलं. विहीर, पायऱ्या, तळ, डॉक्टरीणबाई. माझी चूक होती, असंही म्हटलं, मला ते म्हणायला जड गेलं. ते ऐकत होते. मग मी विचारलं, "तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? राखणदारासमोर व्हय का म्हणालात?"

"कितें उलयतलों?" ते म्हणाले. काय बोलणार होतो? "म्हाका त्या वेळाचें कांयच याद येनासलें. तूं सांगतालीस, हांव दारार आपटतां, कितेंय बरळतां. आवय रडटाली. तूं कित्याक फट मारतलीस?" मला त्या वेळचं काहीच आठवत नसे, आई रडत होती, तू खोटं कशाला बोलशील? "म्हाका दिसलें, धक्क्यार कोण तरी च्यायेंत घालता जातलो."

म्हणजे धक्क्यावरच्या चहात कोणीतरी दारू घालत असेल, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून थर्मास. आणि तरीही खात्री नव्हती, म्हणून संध्याकाळची झोप सोडली. झोपलो नाही तर आपण काय करतो ते आपल्याला दिसेल, असा हिशेब. त्यांनी स्वतःच्या शब्दापेक्षा माझा शब्द खरा धरला होता, इतकी वर्षं.

ते उठून बसले. पाय जमिनीला टेकवले.

"तर हांव पियेनासलों?" त्यांनी विचारलं. मी पीत नव्हतो तर?

"नाही."

"नक्की मगे?"

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी दोनदा मान हलवली. खिडकीतून तुळस दिसत होती, तिकडे बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील, आणि मला ते हवं होतं.

"आवयक सांगूंक जाय आसलें," ते म्हणाले. आईला सांगायला हवं होतं.

मग ते स्वतःच उठले, काडेपेटी शोधली आणि दिवा लावायला बाहेर गेले.